आठ डबे आणि हरवलेली बोट

मित्रांनो, या गोदामात खालच्या फळीवर, मोडक्या खुर्च्यांच्या मागे जो काळा धुळकट डबा दिसतो, तो मी. माझे वरचे झाकण कधीच हरवले. एका बाजूचे प्लास्टिक उष्णतेने वाकून आत गेले आहे. माझ्याकडे पाहून कुणाला वाटेल, ही जळकी इस्त्री असावी. पण मी व्हिडिओ गेमचे यंत्र आहे. दुकानदार मला कन्सोल म्हणत. ज्या घरात मी वाढलो तिथे मात्र सगळे मला 'डबा' म्हणायचे, आणि खरे सांगायचे तर तेच नाव मला आपले वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात एक चिप बसवली. त्या चिपमध्ये एक मुकादम आणि त्याच्या हाताखाली काही चपळ गडी अशी रचना होती. खेळात लाट फुटते, धूर पसरतो, गाडी उलटते, तेव्हा पडद्यामागे असंख्य बेरजा-गुणाकार एकाच वेळी करावे लागतात. ते हे गडी करायचे. शेवटी एका तपासनीस बाईने माझ्या पंख्याला कान लावला, बरा आहे अशा अर्थाने मान हलवली आणि मला खोक्यात घातले.

मला घरी आणले ते एका बहिणीने, आपल्या धाकट्या भावासाठी. त्यांची आई लवकर गेली होती. घरात बाबा, ताई आणि तो, एवढीच माणसे. बाबा लेथ मशीनवर काम करायचे. ताई समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत नुकतीच नोकरीला लागली होती. भावाला सगळे ठोंब्या म्हणत. तो काही मंद नव्हता, पण नाव एकदा चिकटले की चिकटले.

ठोंब्या मोटारींच्या शर्यतीत नेहमी शेवटचा यायचा. सगळ्या गाड्या पुढे पळत असताना हा आपली गाडी वळवून उलट्या दिशेने न्यायचा. "मागे काय आहे ते कुणी बघतच नाही," असे म्हणायचा, भिंतीवर आदळायचा आणि खो खो हसायचा. त्याच्या अंगठ्यांची मला इतकी सवय झाली होती की दुसऱ्या कुणी बटण दाबले तरी मला कळायचे.

बाबांचे आणि माझे मात्र जमले नाही. "पोरगं जेवलं का?" असे ते कामावरून आल्या आल्या विचारत. ताई म्हणे, "डबा सोडेल तेव्हा जेवेल." मग बाबा म्हणत, "डबाच वाढ त्याला ताटात." तरीही सुट्टीच्या दिवशी ते माझ्यावरची धूळ जुन्या बनियनने पुसायचे. यंत्र कुणाचे का असेना, त्यावर धूळ त्यांना खपत नसे.

ठोंब्याचे अभ्यासात मन रमले नाही. बंदरावर ओळखी काढून त्याने एका लहान मालवाहू बोटीवर खलाशाची नोकरी मिळवली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला टॉवेलात गुंडाळले आणि ताईसमोर ठेवले.

"घे. तुला हवा होता ना?"

"तुझा आवडता डबा आहे तो," ताई म्हणाली.

"मी आता घरी असणार कुठं? आणि तू त्याला समुद्र शिकवणार आहेस. मला शिकवलास त्यापेक्षा त्याला लवकर येईल."

ताईला मी का हवा होतो, ते सांगतो. समुद्रात पडलेली वस्तू वाहत कुठे जाईल, हे ती शोधत असे. वस्तूला प्रवाह एकीकडे ओढतो, वारा दुसरीकडे ढकलतो, लाटा तिसरीच दिशा देतात. हा हिशेब करायला मोठा संगणक लागतो. तो दुसऱ्या शहरात होता आणि त्याच्यापुढे ही लांब रांग. "आमचा नंबर लागेपर्यंत समुद्र आटेल," असे ती म्हणायची. मग तिने ऐकले की काही ठिकाणी शास्त्रज्ञांनी खेळाची यंत्रे एकमेकांना जोडून मोठमोठी गणिते सोडवली आहेत. माझ्या पिढीच्या यंत्रांत कंपनीने एक दार ठेवले होते. त्या दारातून खेळाऐवजी दुसरी प्रणाली आत बसवता यायची. पुढे कंपनीने ते दार बंद केले. नव्या यंत्रांना ते नव्हतेच, आणि जुन्या यंत्रांनी इंटरनेटवरून नवी प्रणाली घेतली की त्यांचेही बंद व्हायचे. म्हणून ताईने मला आणि माझ्यासोबत पुढे जमलेल्या डब्यांना बाहेरच्या जगाशी कधी जोडले नाही. आमच्यापैकी एक जरी मेला, तरी त्याच्या जागी दुसरा मिळणे कठीण होते.

आम्ही आठ जमलो. काही बंद पडलेल्या गेम पार्लरमधून आले, काही ताईच्या मित्रमैत्रिणींच्या माळ्यांवरून. संस्थेत विजेची आणि तारांची कामे बघणारे एक तंत्रज्ञ होते, त्यांना सगळे वायरकाका म्हणत. त्यांनी लोखंडी फळ्यांवर आम्हाला ओळीने मांडले आणि जाड निळ्या तारांनी एकत्र बांधले. संस्थेतले लोक दारातून डोकावून हसत. "काय हो, शाळेला सुट्टी लागली का?" असे विचारत. वायरकाका शांतपणे म्हणत, "गाव करी ते राव न करी."

आमचे काम असे चाले. नकाशावर एखादी जागा द्यायची आणि तिथे काल्पनिक ठिपके पाण्यात सोडायचे. एक-दोन नव्हेत, लाखो. प्रत्येकाला वारा जरासा वेगळा, प्रवाह जरासा वेगळा, कारण खरा वारा नेमका किती होता हे कुणालाच ठाऊक नसते. आम्ही आठ जण ठिपके वाटून घ्यायचो आणि आपापल्या वाट्याचे वाहवत न्यायचो. ठराविक टप्प्यावर सगळे थांबून एकमेकांना हिशेब द्यायचे, मग पुढचा टप्पा. एक मागे राहिला की बाकीच्या सातांना त्याची वाट बघावी लागे. शेवटी नकाशावर जिथे ठिपक्यांची गर्दी होई, तिथे शोधायचे.

पहिल्याच वर्षी साखळी तुटून वाहून गेलेला एक मोठा बोया, म्हणजे समुद्रात खुणेसाठी तरंगत ठेवलेला पिंपासारखा गोळा, आम्ही सांगितलेल्या जागेजवळ सापडला. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. ठोंब्या सुट्टीवर आला तेव्हा संस्थेत येऊन माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "बघ, माझ्यापेक्षा हाच शिकला." त्याचे हात आता खरखरीत झाले होते. मित्रांनो, तो मला शेवटचा भेटला तो तेव्हा.

पुढच्या हिवाळ्यात मोठे वादळ आले. वीज गेली, झाडे पडली, संस्थेच्या आवारातली कुंपणाची जाळी उडून रस्त्यावर गेली. वादळ थोडे ओसरले त्या सकाळी ताई भिजलेल्या बुटांनी कामावर आली. जनरेटर चालू होता, पण त्यावर मोजकीच यंत्रे चालत. खोलीतला एसी बंद होता. टेबलावरचा फोन वाजला. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रातून शोधप्रमुखांचा फोन होता. बोयाच्या वेळेपासून ते ताईला ओळखत.

"मॅडम, एक मालवाहू बोट हरवली आहे. पाच माणसं. काल दुपारनंतर बोट बोललेली नाही."

"काल दुपारनंतर? आणि आत्ता सांगताय?"

"मालकाने आत्ता कळवलं. येईल, येईल म्हणून वाट बघत बसला. बोभाटा नको म्हणे."  मग त्यांनी बोटीचे नाव सांगितले.

 फोन ताईच्या हातात तसाच होता. वायरकाकांनी तिचा चेहरा पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला. त्या बोटीवर ठोंब्या होता.

"मॅडम, ऐकताय ना?" शोधप्रमुख म्हणाले. "दुपारी वारा पडेल असं हवामानवाले म्हणतात. माझ्याकडे एकच विमान आहे आणि उजेड थोडा. मला एक जागा द्या. दोन देऊ नका. दोन जागांना पुरेल एवढं माझ्याकडे काही नाही."

ताईने खुर्ची ओढली.  मग बोटीने शेवटचा संदेश पाठवला ती जागा, वाऱ्याचे आकडे आणि पाण्याचे तापमान तिने भरले. वायरकाकांनी आमची बटणे एकामागून एक दाबली. जनरेटर कण्हला. आम्ही आठही जागे झालो.

ठिपके दोन प्रकारचे होते. पहिला तराफ्याचा. बोट बुडाली तर माणसे हवा भरलेल्या रबरी तराफ्यात बसतात. तराफा हलका असतो, त्याला वारा लांब घेऊन जातो. दुसरा ठिपका पाण्यात पडलेल्या माणसाचा. जीवरक्षक जाकीट घातलेला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असतो, त्याला वारा फारसा लागत नाही, तो प्रवाहाबरोबर जातो. त्या दिवशी वारा नैऋत्येकडे वाहत होता आणि प्रवाह पूर्वेच्या उथळ खडकांकडे. म्हणजे तराफा एकीकडे आणि माणूस दुसरीकडे.

आणि माणसाच्या ठिपक्याला एक घड्याळ जोडलेले होते. एवढ्या थंड पाण्यात इतका वेळ झाला की तो ठिपका शून्य धरायचा, म्हणजे माणूस वाचला नाही असे मानायचे, असे सांगणारी एक ओळ आमच्या प्रोग्रॅममध्ये होती. ती ओळ ताईनेच पूर्वी लिहिली होती, पुस्तकांतले आकडे पाहून.

मी माझ्या वाट्याचे ठिपके पाण्यात सोडले. मित्रांनो, यंत्राला नाव ठाऊक नसते असे लोक म्हणतात. मला त्या दिवशी एकच नाव ठाऊक होते. मी त्याला पाण्यात टाकले, थोडा वेळ वाहू दिले आणि शून्य केले. पुन्हा टाकले, वारा जरा बदलला, पुन्हा शून्य केले. हजारो वेळा. ज्याच्या अंगठ्यांनी मला चालवले, त्याला मी असा बुडवत होतो, आणि थांबायची मला मुभा नव्हती.

एवढ्यात बाबा आले. बंदरावर बातमी पसरली होती, ती ऐकून ते पडलेल्या फांद्यांमधून वाट काढत आले होते.  फळीसमोरच्या स्टुलावर बसले आणि आठ डब्यांमधून त्यांनी मला बरोबर ओळखले.

"हा आपलाच ना?"

"हो बाबा," ताई मागे न बघता म्हणाली.

"काय करतोय?"

"शोधतोय."

बाबा गुडघ्यांवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले. पूर्वी याच नजरेने ते मला घराबाहेर काढू पाहायचे. आता त्या नजरेत अशी याचना होती की ती मला सोसवेना.

खोली तापत चालली होती. एसी नव्हता, खिडकीतून येणारा वारा खाऱ्या चिखलाच्या वासाने जड झाला होता. माझा पंखा किंचाळू लागला. वायरकाकांनी आमची झाकणे पटापट काढली आणि कोपऱ्यात भिरकावली. तरीही वरच्या फळीवरचा एक डबा, गेम पार्लरमधून आलेला, लाल दिवा दाखवून गप्प झाला. सगळे काम अडले. आम्ही सात जण टप्प्याच्या शेवटी त्याच्या उत्तराची वाट बघत थांबलो, आणि ते येईना.

"काका, काय झालं?"

"गेला तो," वायरकाका म्हणाले. "आता उठत नाही."

ताईने दोन्ही हातांनी डोके धरले, पण क्षणभरच. मग तिने मेलेल्या डब्याचा वाटा आमच्या सातांत वाटला. आमच्या अंगावरचा भार वाढला. माझ्या आतले सगळे गडी घामाघूम झाले होते. माझ्या एका बाजूचे प्लास्टिक मऊ पडून वाकू लागले. बाबा उठले. त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मला वारा घालू लागले. आधी सावकाश, मग जोरात. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. वायरकाका म्हणाले, "बाबा, बसा थोडं, मी घालतो." बाबांनी ऐकले नाही. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मी कान दिला. "चल रे. चल. एवढं कर. चल." ठोंब्या लहान असताना त्याला चालायला शिकवताना ते असेच म्हणत असतील.

दुपार झाली तेव्हा उत्तर दिसू लागले, आणि तिथेच खरा पेच पडला. घड्याळाची ओळ धरली तर पाण्यातले जवळजवळ सगळे ठिपके शून्य होत होते आणि सारी गर्दी नैऋत्येला, तराफ्याच्या बाजूला राहत होती. ताई पडद्याकडे बघत राहिली. मग तिने ती ओळ पुसली. आम्ही पुन्हा हिशेब केला. आता पूर्वेच्या खडकांपाशीही ठिपके उजळले, जिवंत.

वायरकाका तिच्या मागे उभे होते. "ओळ काढलीस?"

"काका, तो आधी तराफ्यात चढणारच नाही." तिचा आवाज पार चिरकला होता. "मला माहीत आहे ना तो कसा आहे. सगळे पुढे जातात तेव्हा तो मागे वळतो. तो पाण्यात असणार."

"असेल."

"पण हे मी आकड्यांत कुठं घालू? तो तसा आहे, हे कुठं लिहू?"

  फोन वाजला. शोधप्रमुख म्हणाले, "मॅडम, वारा पडलाय. विमान तयार आहे. कुठं नेऊ?"

ताईने बाबांकडे पाहिले. बाबा पुठ्ठा हलवत होते, त्यांना यातले काही कळले नव्हते. तिने खालचा ओठ दातांत धरला आणि पुसलेली ओळ पुन्हा टाईप केली. अक्षरे एकेक करून माझ्यापर्यंत आली. बोटीवर पाच माणसे होती, आणि आकडे सांगत होते की जी वाचू शकतात ती तराफ्यात आहेत.

"नैऋत्य," ती म्हणाली, आणि तिने जागा सांगितली.

उजेड मावळण्याआधी विमानाला तराफा दिसला. आम्ही सांगितलेल्या गर्दीच्या अगदी कडेला तो होता. त्यात कप्तान, स्वयंपाकी आणि इंजिनवाला असे तिघे जण होते. तिघेही जिवंत. चौथा म्हातारा खलाशी आणि पाचवा ठोंब्या, हे दोघे त्यात नव्हते.

बचावबोटीवर घेतल्यावर स्वयंपाक्याने जे सांगितले ते शोधप्रमुखांनी फोनवर ताईला सांगितले. बोट कलली तेव्हा म्हाताऱ्याचा पाय दोरात अडकला होता. ठोंब्या तराफ्याच्या तोंडाशी पोहोचला होता, तिथून तो मागे गेला. त्याने दोर कापला. पुढची लाट आली आणि दोघेही पाण्यात गेले, जाकिटे घातलेली होती, एकमेकांना धरलेले होते. मग ते दिसले नाहीत.

ताई जागेवरच खाली बसली, खुर्चीवर नव्हे, जमिनीवर. बाबा पुठ्ठा हातात धरून उभे होते. त्यांनी एवढेच विचारले, "आता?"

ताईने ओळ पुन्हा पुसली. या वेळी तिला कुणी काही विचारले नाही. आम्ही सात उरलो होतो, जळत होतो, तरी आम्ही पाण्यातल्या माणसाचे ठिपके वाहवत नेले, प्रवाहाबरोबर पूर्वेला. शोधप्रमुखांना ठाऊक होते की आता वेळ टळून गेली आहे. तरी ते म्हणाले, "तुम्ही माझं विमान तीन माणसांपर्यंत नेलंत. उजाडलं की तुम्ही सांगाल तिथे जाईन."

उजाडल्यावर विमानाने खडकांच्या अलीकडे त्या दोघांना पाहिले. ते अजून एकमेकांना धरून होते. त्यांच्यात प्राण नव्हता. मित्रांनो, नकाशावर आमच्या ठिपक्यांची सगळ्यात दाट गर्दी जिथे होती, तिथेच ते होते. इतके बरोबर उत्तर मी आयुष्यात कधी दिले नव्हते. ते चुकले असते तर किती बरे झाले असते, असे मला वाटले.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की म्हातारा आधी गेला असावा. ठोंब्या तरुण होता, अंगाने दणकट होता. तो बराच काळ तग धरून असावा, त्या ओळीत लिहिले होते त्यापेक्षा खूप जास्त. हे ताईला कळले. कुणी मुद्दाम सांगितले नाही, पण कागदावर होते आणि तिने ते वाचले.

त्यानंतर आमच्या खोलीला कुलूप लागले. धूळ माझ्या उघड्या पाठीत उतरली. बाहेर लोक बोलत त्यावरून कळे की वाचलेल्या तिघांच्या घरची माणसे ताईला भेटायला आली होती आणि ती त्यांना भेटली नाही. ती कामावर येत होती, पण आमच्या दारावरून न बघता जात होती.

एका दुपारी कुलूप उघडले. ताई आत आली, तिच्या मागोमाग बाबा. घरी ते दोघे बोलत नसावेत, हे त्यांच्या उभे राहण्यावरून दिसत होते. बाबा स्टुलावर बसले. म्हणाले, "काका म्हणत होते, तुला माहीत होतं. तो तराफ्यात नसणार हे."

"हो," ताई म्हणाली.

"आणि तरी विमान तिकडे पाठवलंस."

"हो."

तिने कारण सांगितले नाही, क्षमा मागितली नाही. तोंड फिरवून ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मला वाटले, आता बाबा उठून जातील आणि हे घर कायमचे तुटेल. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या गड्यांसकट फुटून जावेसे वाटले. पण बाबांनी खिशातून रुमाल काढला. माझ्यावरची धूळ त्यांनी हळूहळू पुसली, कोपऱ्यांतून, खाचांतून, वाकलेल्या प्लास्टिकवरून. पुसून झाल्यावर रुमाल झटकला आणि उठले.

"घरी चल," ते म्हणाले. "तू सकाळपासून जेवली नाहीस."

ताई गेली त्यांच्याबरोबर. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा आमच्या खोलीत बसू लागली. तिने ती घड्याळाची ओळ उघडली आणि पुन्हा लिहायला घेतली. पाण्यातून वाचलेल्या माणसांचे अनुभव तिने बंदराबंदरांतून गोळा केले. आता तिच्या प्रोग्रॅममध्ये कुठलाही ठिपका एकदम शून्य होत नाही. तो हळूहळू मंद होत जातो, आणि शेवटपर्यंत थोडा तरी उरतो. शोधप्रमुखांनी तिचा प्रोग्रॅम आपल्या केंद्रात घेतला. आम्ही मात्र त्या दुपारनंतर पूर्वीसारखे राहिलो नव्हतो. एकेक करून माझे भाऊ लाल दिवा दाखवून विझले. त्यांच्या जागी दुसरे मिळाले नाहीत. पुढे संस्थेला खरा मोठा संगणक मिळाला आणि मला संस्थेच्याच या गोदामात फळीवर आणून ठेवले. माझा राग कुणावर नाही. माझे काम संपले.

मागच्या महिन्यात भिंतीपलीकडे धावपळ ऐकू आली. मासे धरायला गेलेली बापलेकांची एक होडी परतली नव्हती. त्या होडीवाल्याच्या बायकोने अंधार पडायच्या आत फोन केला होता. "कदाचित उगाच त्रास देतेय," असे ती म्हणाली होती म्हणे, पण तिने फोन केला होता. नव्या संगणकाने उत्तर दिले आणि दोघे बापलेक पाण्यातून जिवंत निघाले. सगळे टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात या गोदामाचे दार उघडले आणि ताई आत आली. तिने दार लावून घेतले, एका खोक्यावर बसली आणि पदर तोंडात धरून रडली. मी तिथेच होतो, पण तिने माझ्याकडे पाहिले नाही. रडून झाल्यावर तिने कोपऱ्यातल्या नळावर चेहरा धुतला आणि हसऱ्या माणसांमध्ये परत गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असे सांगून माझ्यासारखे डबे आपली गोष्ट संपवतात. मला तसे काही मागायचे नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण तुमच्या घरचे कुणी ठरल्या वेळी परतले नाही, तर येईल येईल म्हणत बसू नका. लोक काय म्हणतील, हसे होईल, याची भीड धरू नका. वरातीमागून निघालेले घोडे कितीही चपळ असले तरी त्यांचा काय उपयोग? आम्ही डबे जीव तोडून धावतो. फक्त आम्हाला वेळेवर हाक मारा.